ब्लॅक बुक कुणासाठी लिहायचे?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला महाराष्ट्रातला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी तिघा-चौघांच्या गटात बसवला जातो. गटाला एक गाइड मिळतो, एक विषय मिळतो, वर्षभरात दोन-तीन रिव्ह्यू होतात आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर व्हायवा होते. झालेल्या कामाचा अहवाल काळ्या बांधणीत, वर सोनेरी अक्षरांत महाविद्यालयाचे नाव छापून विभागाकडे जमा केला जातो; मुंबईकडे त्यालाच ब्लॅक बुक म्हणतात. परीक्षक ते चाळतो, गाइड सही करतो आणि पुस्तक विभागाच्या कपाटात जाते. पुढच्या वर्षीच्या गटाने ते कधी उघडलेच, तर अनुक्रमणिका कशी लावायची आणि प्रमाणपत्राचे पान कसे असते हे पाहण्यापुरते. आधीच्या गटाला काय साधले, काय फसले, कोणती मोटर किती भाराला जळाली आणि कोणता सेन्सर पावसाळी हवेत चुकीची रीडिंग देऊ लागला, हे त्याला त्यातून कळत नाही, कारण ते त्यात लिहिलेलेच नसते.

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणात सहकार्याला उत्तेजन मिळाले पाहिजे, याबद्दल आज कुणाचे दुमत नाही. अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएच्या, अनेक वर्षे वापरात असलेल्या १२ अपेक्षित गुणांच्या यादीत ‘वैयक्तिक आणि सांघिक काम’ हे नववे कलम होते. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्परमान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाल्यापासून या यादीला वजनही आले. ते वजन प्रत्यक्षात कुठे पडते, हे मानांकनाची फाइल तयार करणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला ठाऊक आहे: प्रत्येक विषयाच्या उद्दिष्टांसमोर एक कोष्टक असते, त्यातील सांघिक कामाच्या रकान्यात एक, दोन किंवा तीन यांपैकी एक आकडा भरायचा असतो, आणि प्रकल्पाच्या विषयापुढे तिथे डोळे मिटून तीन लिहिले जातात. सहकार्य शिकवले गेले याचा एवढाच पुरावा. गट पाडणे म्हणजे सहकार्य शिकवणे, अशी आपल्या शिक्षणव्यवस्थेची समजूत झाली आहे आणि माझा आक्षेप तिच्यावर आहे. माझ्या मते सहकार्य तिथेच शिकले जाते, जिथे एकाचे काम दुसऱ्याच्या कामावाचून खरोखर अडते. असे अडणे महाविद्यालयात घडवून आणण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे एका बॅचचे काम पुढच्या बॅचच्या हाती जाईल असे, अनेक वर्षे चालणारे प्रकल्प.

सहकार्य का हवे, यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. सुमारे दोन कोटी शोधनिबंधांची छाननी करून २००७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या एका निबंधामागे १९५५ च्या सुमारास सरासरी १.९ लेखक असत, ते विसावे शतक संपताना ३.५ झाले. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाविषयी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील दोन प्रयोगगटांनी २०१५ साली मिळून लिहिलेल्या ३३ पानी निबंधाला ५,१५४ लेखक होते आणि त्यातली २४ पाने नावांनी आणि संस्थांनीच भरली होती. आपल्या दाराशीही तेच आहे. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी रेडिओ दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, तिच्यात खगोलशास्त्रज्ञांइतकाच स्थापत्य, यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांचा हात आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला २०२३ साली केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी दिली, आणि तिथे तर प्रकाशविज्ञान, निर्वात तंत्रज्ञान, नियंत्रणप्रणाली आणि सांख्यिकी जाणणारी माणसे रोज एकमेकांवर विसंबून असतील. जितका गट मोठा तितके काम चांगले, असे मात्र मी म्हणत नाही. २०१९ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की मोठे गट असलेल्या कल्पना पुढे नेतात आणि रुळलेली वाट मोडणारे काम बहुधा लहान गटांकडून होते. महाविद्यालयातला चौघांचा गट आकाराने योग्यच आहे. खोट त्याच्या घडणीत आहे.

ही खोट प्रवेशाच्या आधीच तयार होते. अकरावी-बारावीची दोन वर्षे मुलाला जेईई आणि सीईटीसाठी तयार केले जाते, आणि या परीक्षांमध्ये पर्सेंटाइल नावाच्या आकड्याचा अर्थच असा, की शेजारी बसलेला मागे राहिला तर आपण पुढे जातो. त्यात परीक्षेचा दोष नाही. लाखो अर्जदारांमधून काही हजार निवडायचे तर कुठलीतरी क्रमवारी लावावीच लागते. पण दोन वर्षे हीच सवय अंगी बाणवलेल्या मुलांना ऑगस्टमध्ये वर्गात आणून बसवायचे, चौथ्या वर्षापर्यंत त्यांच्याकडून एकही काम खऱ्या अर्थाने मिळून करवून घ्यायचे नाही, आणि मग शेवटच्या वर्षी ‘आता संघभावना दाखवा’ म्हणायचे, याला शिक्षण म्हणता येत नाही. मधल्या वर्षांतली प्रॅक्टिकले रोल नंबरप्रमाणे पाडलेल्या बॅचमध्ये होतात. एका टेबलाभोवती पाच-सहा जण उभे असतात, त्यांतला एक उपकरण हाताळतो, एक रीडिंग उतरवतो आणि उरलेले ती उतरवलेली रीडिंग उतरवून घेतात.

यातली गंमत अशी, की विद्यार्थी एकमेकांना सहकार्य करत नाहीत असे मुळीच नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री कुठल्याही हॉस्टेलवर जावे. एकाची जर्नल चार खोल्यांतून फिरत असते, आकृत्या एक जण काढतो, ग्राफ दुसरा, आणि तिसरा व्हॉट्सॲपवर गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठवत असतो. सीनियरांची फाइल ज्युनियरांकडे आणि तिथून त्यांच्या ज्युनियरांकडे इतक्या निष्ठेने पोहोचते, की एखाद्या प्रयोगातली पूर्वी कधीतरी झालेली गणनेतली चूक वर्षानुवर्षे जशीच्या तशी जतन होते. महाविद्यालयाने ज्या हस्तांतराची सोय कधी केली नाही, ते विद्यार्थ्यांनी आपले आपण उभे केले आहे. फक्त त्यातून ज्ञान पुढे जात नाही, तयार उत्तर जाते. व्यवस्था या साऱ्याला कॉपी म्हणते आणि काणाडोळा करते. मुलांमधल्या या देवघेवीला अभ्यासाचे वळण देता येईल का, हा विचार फारसा होत नाही.

तो विचार अमेरिकेत एका गणिताच्या शिक्षकाने केला आणि त्याची हकिगत आपल्यासाठी मोलाची आहे. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्राइसमन यांच्या असे लक्षात आले, की पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होतात आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले गुण मिळवतात. विभागातल्या सहकाऱ्यांना त्यांनी कारण विचारले. कुणी म्हणाले तयारी कच्ची, कुणी म्हणाले जिद्द कमी, कुणी घरच्या परिस्थितीकडे बोट दाखवले. ट्राइसमन यांनी दोन्ही गटांतल्या विद्यार्थ्यांच्या बरोबर राहून, ते अभ्यास कसा करतात हे अनेक महिने पाहिले, आणि ही सगळी कारणे लटकी ठरली. कृष्णवर्णीय मुले मेहनती होती, शिस्तीची होती, पण एकटी अभ्यास करत होती. गणित अडले तर आपल्यालाच ते येत नाही असे समजून गप्प बसत होती. चिनी मुले आधी आपापला अभ्यास करत आणि मग संध्याकाळी एकत्र जमून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. एखादे गणित कुणालाच सुटले नाही, तर ते खरेच अवघड आहे हे त्यांना कळे. यावरून ट्राइसमन यांनी कार्यशाळा सुरू केल्या, आणि त्या मागे पडलेल्यांसाठीच्या जादा तासांसारख्या नव्हत्या. तिथे नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली जात आणि ती गटात सोडवायची असत. त्यांत भाग घेतलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल ठळकपणे सुधारले.

या हकिगतीतले दोन तपशील सहसा निसटतात. एक म्हणजे, ती मुले आधी एकटी बसत आणि मग एकत्र येत. एकांतातल्या अभ्यासाशिवाय गटात आणण्याजोगे काही नसते, आणि म्हणून ‘विचार शेवटी एकट्यालाच करावा लागतो’ हा जो आक्षेप गटकार्यावर घेतला जातो, तो खरा असूनही गटकार्याच्या विरोधात जात नाही. दुसरा तपशील म्हणजे गणिते अवघड होती. एकट्याला अर्ध्या तासात जमणारे काम चौघांना दिले, तर तिघे बसून राहतील. त्यांना आळशी ठरवण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यासाठी काम शिल्लकच नसते.

अर्थात काम असूनही माणसे हात आखडता घेतात, हेही खरे आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून केलेली मोजमापे १९१३ साली प्रसिद्ध केली. दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तसा प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होत गेला. पुढे १९७९ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांतून दाखवले, की आपला आवाज गर्दीत वेगळा ओळखू येणार नाही असे वाटले की माणूस कमी ओरडतो. म्हणजे मुद्दा आळसापेक्षा हिशेबाचा आहे. आपल्याकडे शेतकऱ्यांना हे फार पूर्वीपासून कळलेले आहे. कोकणात आणि मावळात भातलावणीच्या दिवसांत चालणारी सावड पाहा: आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. कोण आले, कोण आले नाही, कुणाच्या घरून किती माणसे आली, हे कुठेही लिहिलेले नसते, पण सगळ्या वाडीला पाठ असते, आणि दुसऱ्याच्या लावणीला न गेलेल्याच्या खाचरात वेळेवर माणसे उभी राहत नाहीत. सावडीत परस्परांची गरज आहे आणि प्रत्येकाच्या कष्टाची नोंदही आहे. आपल्या प्रोजेक्टच्या गटात यांपैकी एकही नसते. चौघांचे गुण जवळजवळ सारखे असतात, काम एक-दोघे करतात, आणि ज्यांनी केले ते मैत्रीखातर बोलत नाहीत. बाहेर ‘प्रोजेक्ट करून मिळतील’ अशा पाट्या दिसतात त्या काही उगीच नव्हेत; अख्ख्या गटालाच परस्परांची गरज नसेल, तर काम बाहेरून आणणे हा त्यातल्या त्यात एकोप्याने घेतलेला निर्णय ठरतो.

जिथे काम आतच होते, तिथेही ते कसे वाटले जाते याकडे पाहावे लागेल. मुलींनी रिपोर्ट आणि पीपीटी करायची, मुलांनी सोल्डरिंग आणि टेस्टिंग, ही विभागणी कुणी आखून दिलेली नसते, ती आपोआप होते, आणि म्हणूनच तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांचे निरीक्षण करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेच आढळले: विद्यार्थ्यांना मोकळीक दिलेल्या प्रयोगांत उपकरणे हाताळण्याचे काम मुलांकडे अधिक गेले. कुणी कुणाला हाकलले नव्हते. कामे ठरवून न वाटता नुसती सुरू झाली की ती जुन्या सवयीने वाटली जातात. २०१७ पासून भरणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या विद्यार्थ्यांच्या तंत्रस्पर्धेत सहा जणांच्या संघात निदान एक मुलगी असलीच पाहिजे, अशी अट आहे. हेतू चांगला आहे, पण ‘निदान एक’ म्हटले की बहुतेक संघात नेमकी एकच मुलगी येते, आणि गटाध्यापनाचा अनुभव असलेले शिक्षक तर उलट सांगतात, की वर्गात ज्यांची संख्या थोडी आहे त्यांना गटात एकेकटे टाकू नये. आपल्याकडे याला भाषेचीही जोड आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठी माध्यमात शिकून आलेला मुलगा किंवा मुलगी गटाचे बोलणे इंग्रजीत सुरू झाले की गप्प होते, आणि गटाला ते अज्ञान वाटते. गट मित्रांनी मित्रांचे पाडायचे की शिक्षकाने, या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणूनच स्पष्ट आहे: शिक्षकाने पाडावेत, कामे दर पाच-सहा आठवड्यांनी बदलावीत, आणि गटातली चर्चा ज्या भाषेत सर्वांना नीट बोलता येते तिच्यात करू द्यावी. अहवाल हवा तर इंग्रजीत लिहावा.

एका तासापुरती परस्परांची गरज निर्माण करण्याच्या युक्त्या जगभर आहेत. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात शाळांमधील वर्णभेद हटवल्यानंतर वर्गातला ताण निवळावा म्हणून एलियट ॲरन्सन यांनी १९७१ साली एक पद्धत आणली. धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा आणि त्याने तो बाकीच्यांना शिकवायचा. मग ज्याला हसत होतो त्याचे ऐकल्यावाचून गत्यंतर उरत नाही. शाळेत हे करून पाहण्यासारखे आहे, आणि त्याला फळा-खडूपलीकडे काही लागत नाही. पण तंत्रज्ञानाच्या शिक्षणाला तासापुरती युक्ती पुरत नाही, कारण तिथली परस्परांची गरज वर्षानुवर्षे टिकणारी असते. आज जोडलेल्या तारेचा त्रास तीन वर्षांनी दुसऱ्याच कुणाला तरी होतो.

या बाबतीत आपल्याकडेच उदाहरणे आहेत. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणाने कक्षेत सोडलेल्या २० उपग्रहांमध्ये पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ होता. वजन सुमारे एक किलो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेऊन, वीज खर्च न करता आपली दिशा स्थिर ठेवण्याची पद्धत अजमावणे आणि हॅम म्हणजे हौशी रेडिओवर संदेशांची देवाणघेवाण करणे, ही त्याची कामे. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ मधून मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोचा ‘प्रथम’ गेला; वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातल्या इलेक्ट्रॉनांची मोजदाद हे त्याचे उद्दिष्ट होते. या दोन्ही प्रकल्पांची सुरुवात २००७-०८ च्या सुमारास झाली होती. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची आणि उपग्रहाला लागली आठ-नऊ वर्षे, म्हणजे ज्या विद्यार्थ्यांनी पहिली आकडेमोड केली त्यांच्यापैकी कुणीही उड्डाणाच्या दिवशी त्या वर्गात नव्हते. मधल्या बॅचेसना तर आरंभाचाही मान नाही आणि उड्डाणाचाही नाही. त्यांनी आधीच्यांचे काम समजून घेतले, तपासले, थोडे पुढे नेले आणि सोपवले.

असे सोपवण्याला काय लागते, हे नीट पाहिले पाहिजे, कारण इथेच नेहमीच्या गटकार्याहून फरक पडतो. बॅटरी कोणती निवडली, हे सर्किट पाहून कळते. दुसरी का नाकारली, हे कुणी लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. ते लिहिलेले नसेल तर नवी बॅच नाकारलेल्या बॅटरीवर पुन्हा सहा महिने घालवते. म्हणून अशा प्रकल्पात नोंदवही परीक्षकासाठी लिहिली जात नाही, ज्याला उद्या याच टेबलावर बसायचे आहे त्याच्यासाठी लिहिली जाते, आणि लिहिणाऱ्याला तो वाचणारा माहीत असतो. मेसमध्ये तो रोज भेटतो. वीजपुरवठा पाहणाऱ्याला संदेशवहन पाहणारीला विचारल्यावाचून एक वॅटही वाढवता येत नाही, कारण एका किलोच्या डब्यात दोघांना पुरेल एवढी वीज नसते. भांडणे होतात, आणि ती मोजमापांनी मिटवावी लागतात. हे सारे ‘टीमवर्क’ नावाच्या एका दिवसाच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात दोरीचे खेळ खेळून येत नाही. त्या शिबिरांवर खर्च होणारा पैसा, माझे स्पष्ट मत आहे, प्रयोगशाळेसाठी चांगले मल्टिमीटर आणण्यात अधिक सत्कारणी लागेल.

उपग्रह प्रत्येक महाविद्यालयाला परवडणारा नाही, हे उघड आहे. पण दीर्घ प्रकल्प म्हणजे महागडा प्रकल्प नव्हे. कॅम्पसमधल्या विहिरींची आणि बोअरची पाणीपातळी वर्षभर मोजणारी यंत्रणा, इमारतीच्या वीजवापराची सतत होणारी नोंद, कांदा चाळीतल्या आर्द्रतेचे मोजमाप, गतिमंद मुलांच्या शाळेसाठी बनवलेली आणि दरवर्षी सुधारलेली साधने यांतले कुठलेही काम एका वर्षात संपत नाही आणि त्यात संगणक, इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र आणि स्थापत्य अशा सगळ्या शाखांना जागा आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने १९९५ पासून समाजोपयोगी अभियांत्रिकी प्रकल्पांचा असा उपक्रम चालवला आहे, आणि तिथूनच पुढे दुसऱ्या वर्षापासून पीएच.डी.पर्यंतचे विद्यार्थी एकाच दीर्घ प्रकल्पात, दर सत्राला श्रेयांक मिळवत काम करतील, अशी व्यवस्था निघाली, जी जॉर्जिया टेकसारख्या संस्थांनी रुजवली. आपल्याकडे बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी गाडी बांधणाऱ्या चमूंमध्ये सीनियर-ज्युनियरची ही साखळी आहेच. पहिल्या वर्षाला पाने-स्क्रू आणून देणारा मुलगा तिसऱ्या वर्षी सस्पेन्शनचा प्रमुख होतो. पण ते काम अभ्यासक्रमाबाहेर, रात्री वर्कशॉपमध्ये, उपस्थितीच्या सवलतीसाठी विनंतीअर्ज करत चालते. ज्या कामात विद्यार्थी खरोखर एकमेकांवर अवलंबून असतात त्याला गुण नाहीत, आणि ज्याला गुण आहेत त्यात कुणी कुणावर अवलंबून नाही.

शालेय पातळीवर याहून जुने आणि अधिक धाडसी उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम तिथे घडला आणि राज्यातल्या अनेक शाळांत गेला, त्यात आठवी ते दहावीची मुले लोखंडकाम, सुतारकाम, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया आणि आरोग्य यांतली खरी कामे करतात आणि गावाला सेवा देतात. खरे गिऱ्हाईक असले की गटाचे वागणे बदलते. वेल्डिंग केलेले फाटक शाळेच्या प्रदर्शनात मांडायचे असेल तर वाकडे असले तरी चालते. ग्रामपंचायतीला बसवून द्यायचे असेल तर माप घेणारा, कापणारा आणि जोडणारा यांना एकमेकांची चूक वेळीच सांगावी लागते, कारण ती सांगितली नाही तर फाटक बंद होत नाही आणि सरपंच तिघांनाही विचारतो. २००२ साली याच पाबळमध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या जगातल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याच्या कार्यशाळांपैकी, एक सुरू झाली, हे सांगितले की शहरातल्या लोकांना अजून आश्चर्य वाटते.

मग हे सर्वत्र का होत नाही? पहिली अडचण ‘नावीन्या’ची सांगितली जाते: मागच्या वर्षीचाच विषय पुन्हा घेतला तर ती नक्कल होणार नाही का? खरे पाहता दरवर्षी नवा विषय घेण्याच्या सक्तीमुळेच नक्कल वाढते, कारण आठ महिन्यांत शून्यापासून काही उभे राहत नाही आणि मग तयार किट आणून नाव नवे दिले जाते. आधीचा अहवाल हाच आरंभबिंदू मानला आणि ‘त्याच्या पुढे काय केले’ एवढेच तपासले, तर नक्कल तत्काळ उघडी पडेल. अहवाल आता एआयकडून लिहून घेता येतो, ही ताजी चिंताही इथेच विरते. यंत्राने लिहिलेला गुळगुळीत अहवाल परीक्षकाला दहा मिनिटे फसवू शकेल, पण त्यावरून सर्किट पुन्हा चालू करू पाहणाऱ्या ज्युनियरांना फसवू शकत नाही.

दुसरी अडचण गुणांची आहे आणि ती खरी आहे. हुशार विद्यार्थ्याची तक्रार असते, की माझे गुण इतरांच्या हाती का? तिला उत्तर देता येईल अशी योजना हवी. माझ्या मते प्रकल्पाच्या गुणांपैकी निम्मे व्यक्तीचे असावेत, आणि ते व्हायवात गटातल्या दुसऱ्याच्या कामावर प्रश्न विचारून द्यावेत. जिने प्रोग्राम लिहिला तिला विचारावे की हा सेन्सर इथेच का बसवला. कोणी कधी काय बदलले याची नोंद गिटसारख्या साधनात आपोआप राहते. ती पाहावी, मात्र नोंदींची संख्या मोजू नये, नाहीतर विद्यार्थी स्वल्पविराम बदलून नोंदी वाढवतील. साथीदारांनी एकमेकांविषयी गुप्तपणे दिलेले मत सत्राच्या मध्येच घ्यावे, म्हणजे दुरुस्तीला वाव राहतो. आणि गुणांचा एक लहानसा वाटा, दहा टक्के का होईना, पुढच्या बॅचने ठरवावा: सोपवलेल्या नोंदींवरून दोन आठवड्यांत त्यांना काम पुन्हा उभे करता आले का? आधीच्यांचा निकाल तोवर लागलेला असतो, ही तांत्रिक अडचण तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सीनियरांच्या सातव्या सत्रातच प्रकल्पात घेतले की सुटते. यासाठी नवा कायदा लागत नाही. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने पुढच्या फेररचनेत प्रकल्पाच्या विषयाची गुणविभागणी बदलली तरी पुरे.

तिसरी अडचण शिक्षकांची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. एकेका गाइडकडे पाच-सहा गट, वर मानांकनाच्या फायली, त्यात अनेक जण तासिका तत्त्वावर. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने पाच वर्षांचा प्रकल्प सांभाळावा ही अपेक्षा करणे क्रूर आहे. कायम पदे भरल्याशिवाय दीर्घ प्रकल्प टिकणार नाहीत. शिवाय शिक्षकांना स्वतःला एकत्र काम करण्याबद्दल व्यवस्था काय देते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत, शिक्षकांच्या संशोधनाचे गुण मोजताना, शोधनिबंधाला दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण धरले आहेत. दोनहून अधिक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. एकट्याने लिहिले तर पूर्ण गुण. म्हणजे भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेने शेजारच्या सांख्यिकी विभागातल्या सहकाऱ्यांना आणि एका विद्यार्थ्याला बरोबर घेऊन चांगला निबंध लिहिला, तर कुणाचे नाव पुढे जाणार हा प्रश्न विषयाच्या आधी उभा राहतो, आणि ज्यांची नावे मागे जातात त्यांनी पुढच्या वेळी एकट्याने काम करावे हेच त्यांच्या हिताचे ठरते. लेखकांच्या संख्येवरून गुण कापण्याऐवजी प्रत्येकाने कोणता भाग केला याचे विधान निबंधाबरोबर देण्याची पद्धत अनेक विज्ञान नियतकालिकांत रूढ झाली आहे. तेच विधान पदोन्नतीच्या अर्जात मागता येईल आणि तेच ब्लॅक बुकच्या पहिल्या पानावर, प्रमाणपत्राच्या आधी, चौघांच्या सह्यांनिशी छापता येईल.